थेंब जिथे मुरतो

सोमवार, ४ फेब्रुवारी २०१९. सकाळी सहा वाजून दहा मिनिटे.

बाबांच्या मागे स्टुलावर बसून त्यांच्या ओल्या जटा टॉवेलात दाबत होतो. आता हात पुसून लिहायला घेतलं आहे. ही वही नर्स पिनॉकबाईंनी दिली. तिच्यात बाबांचा रक्तदाब, साखर आणि गोळ्या लिहायच्या असतात. ते पुढून लिहितो. हे मागून लिहितो, म्हणजे त्यांच्या हाती पडणार नाही.

बाई शुक्रवारी आल्या होत्या. बाबांच्या डोक्यावरची टॅम टोपी काढली आणि एक पाऊल मागे सरल्या.

"ओबेद, हा वास कधीपासून आहे?"

मी म्हणालो, पावसाळी हवा होती म्हणून असेल. आमच्या यल्लाज गावात डिसेंबरपासून पाऊस नाही, हे त्यांनाही माहीत आहे. त्यांनी मुळाशी बोटांनी फट पाडून मला दाखवलं. चार ठिकाणी कातडी लाल आणि ओली झाली आहे. एका ठिकाणी पू आहे.

"सात मार्चला परत येते मी. तोवर या जखमा बंद झाल्या नाहीत तर डॉक्टर माझंही ऐकणार नाहीत. सगळं डोकं उतरवतील. साखरेचा माणूस आहे हा. विष रक्तात गेलं तर जटा घेऊन काय करशील?"

बाबांच्या डोक्याला पंचेचाळीस वर्षांत कात्री लागलेली नाही. जटा गुडघ्याच्या खाली जातात. आमच्या पंथात जटा कापत नाहीत; हा त्यांनी देवाला दिलेला शब्द आहे, आणि ऑक्टोबरमध्ये झटका आल्यापासून तो सांभाळायचं काम माझ्याकडे आलं आहे, कारण त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. त्यांना सगळं समजतं, असं नर्सबाई म्हणतात. बाईंनी खूणही ठरवून दिली आहे. डाव्या हाताने एकदा दाबलं तर हो, दोनदा दाबलं तर नाही. भूक, तहान आणि संडास एवढ्यासाठी ती चालते.

माझं कुठे चुकतं ते कळत नाही. दर आठवड्याला धुतो. आमच्याच मधमाश्यांच्या पेट्यांमधलं मेण खोबरेल तेलात वितळवून मुळापासून टोकापर्यंत लावतो आणि ओलावा उडून जाऊ नये म्हणून लगेच टोपी घालतो. सगळं इटल, म्हणजे निर्मळ. झाडाचं, माशीचं, घरचं. बाजारातली एक बाटली या उंबऱ्याच्या आत येत नाही. मग जखमा कशाने होतात?

गुरुवार, ७ फेब्रुवारी

फोनवर एका बाईचं भाषण ऐकलं. ती म्हणते की आधी केस पाणी पितात की नाही ते तपासावं. या गुणाला पोरोसिटी म्हणतात. (शब्द दोनदा तपासून लिहिला आहे.) पेल्यात पाणी घ्यायचं, गळालेला केस सोडायचा. बुडाला तर केसाची दारं उघडी, तो पाणी पितो पण धरून ठेवत नाही. तरंगला तर दारं बंद, पाणी आतच जात नाही.

बाबांच्या उशीवरचे तीन केस सोडले. मी पेट्या बघून आलो, कलालूची भाजी निवडली, पेज केली, बाबांना भरवली, पुसलं, कूस बदलली. तिन्ही केस तरंगतच होते.

म्हणजे दारं बंद आहेत. म्हणूनच सगळं वरच्या वर राहतं आणि कुजतं. अशा केसांना ऊब द्यावी, वाफ द्यावी, मग दारं उघडतात. आता हे कळल्यावर जरा बरं वाटलं. नववीत शाळा सुटली, पण तपासून काम करणं मास्तरांनी शिकवलं होतं ते उपयोगी पडलं.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

काल धुतलं. गरम पाण्यात टॉवेल पिळून डोक्याला गुंडाळले, थंड झाले की बदलले, असं दुपारपर्यंत. मग मेण-तेल नेहमीपेक्षा थोडं कमी लावलं. पाठ मोडून आली आहे.

आज बाबांची मान पडली आहे. हनुवटी छातीला लागते. पेज अर्धी सांडली. मी घाबरून दवाखान्यात फोन केला. नर्सबाईंनी रक्तदाब विचारला, तो ठीक होता. लहानसा झटका पुन्हा येऊन गेला असेल का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या तोंड वाकडं झालंय का, हात थंड पडलाय का? नाही. मग झटका नाही.

पण मान पडली आहे हे खरं.

शनिवार, १६ फेब्रुवारी

मान कालपासून बरी आहे. एनॉसकाका आले होते. ते आणि बाबा पोरवयापासूनचे सोबती. आता काका बाजारात हातगाडीवर मुळ्यांचा काढा विकतात, आणि तो सगळ्या रोगांवर चालतो असं सांगतात. स्वतः मात्र दम्याचा पंप खिशात ठेवतात.

बाबांच्या समोर बसून म्हणाले, "काय रे एफ्रायिम, मजा आहे तुझी. लेक धुतो, लेक भरवतो. मला माझा लेक ओळखसुद्धा दाखवत नाही, त्याला बँकेत नोकरी लागल्यापासून."

बाबांनी डाव्या हाताने त्यांच्या गुडघ्यावर चापट मारली. मी त्यांना नर्सबाईंचं बोलणं सांगितलं. काका गंभीर झाले.

"मुकुट आहे तो ओबेद. मुकुटाला हात लावायचा नाही."

"मी लावत नाही काका. पण जखमा?"

"मग जखमा बऱ्या कर."

जखमा बऱ्या कर. सगळे एवढंच सांगतात. रात्रीत चारदा बाबांची कूस कोण बदलतं, हे कुणी विचारत नाही. वाफेने काही फरक नाही. वास वाढला आहे. मानेच्या मागची एक जट आज आपोआप गळून हातात आली. आतून काळी आहे. ती कागदात गुंडाळून ठेवली. आपोआप गळालेली जट टाकत नाहीत.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

शेजारच्या मुलीला दोन तास बाबांजवळ बसवून मोरांट बेला गेलो. मिस व्हेरोनांचं दुकान बाजाराच्या मागे आहे. बायका आणि तरुण पोरं जटा वळून घ्यायला येतात. आमच्यातले जुने लोक तिथे जात नाहीत. पैसे देऊन वळलेली जट ही जट नव्हे, असं बाबा म्हणत. मी दाराशी बराच वेळ उभा राहिलो.

"आत ये बाळा, दार अडवू नकोस, गिऱ्हाईक परत जाईल. काय आणलंयस कागदात? मेलेला उंदीर?"

"बाबांची जट आहे. गळाली."

त्यांनी हात पुसले, माझी माफी मागितली आणि जट दोन्ही हातांत घेतली. वास घेतला.

"यात काय घालतोस?"

"मेण. आमच्याच पेट्यांमधलं. एकदम शुद्ध."

"शुद्ध आहे म्हणूनच वाट लागली. भेसळीचं असतं तर निम्मं धुऊन तरी गेलं असतं."

खुर्चीत बसलेली बाई खदखदून हसली. माझे कान तापले. मी सांगितलं की मी पेल्यात तपासलं आहे, केस तरंगला, दारं बंद आहेत.

"मेणबत्ती पाण्यात बुडालेली पाहिलीस कधी? तू केस नाही तपासलास, मेण तपासलंस."

मग त्यांनी ती जट कढत पाण्यात सोडा टाकून बुडवली. पाणी आधी पिवळं झालं, मग राखाडी झालं, वर मेणाची साय आली. दोनदा पाणी बदलून साबणाने धुतली, पिळली, यंत्राने वाळवली. हे करताना त्या खुर्चीतल्या बाईचे केसही वळत होत्या आणि तिच्या सासूची निंदाही ऐकत होत्या. मग मला जवळ बोलावलं आणि बोटाने मुळाकडच्या टोकावर पाण्याचा एक थेंब ठेवला. थेंब मोत्यासारखा बसून राहिला. जट तिरकी केल्यावर घरंगळून गेला. मध्यावर ठेवलेला थेंब पसरला, हळूहळू गेला. खालच्या टोकावर ठेवलेला मला दिसलाच नाही. बोट टेकलं तेवढ्यात आत गेला.

"बघितलंस? जट एकच. वरचा भाग कालचा, खालचा चाळीस वर्षांपूर्वीचा. वरच्याला पाणी नको असतं. खालचा दारुड्यासारखा पितो. आणि तू दोघांना एकाच चमच्याने भरवतोस."

मुळाशी कोमट पाणी, तेही थोडं, कोरफडीचा गर लावून धुऊन टाकायचा, तेल अजिबात नाही. टोकांना आधी ओल, मग ती पळू नये म्हणून काळं एरंडेल, बोटाला लागेल एवढंच. आणि जटा वाळल्याशिवाय टोपी नाही. "ओली भाकरी डब्यात घातली तर तीही बुरसते, हे तर डोकं आहे."

आधी सगळं मेण काढायला हवं, त्यासाठी शॅम्पूची एक बाटली दिली. मी म्हणालो, आमच्या घरी इटल असतं, बाटली चालत नाही.

"बाळा, मीही देवाला मानते. दर रविवारी पहिल्या बाकावर असते. पण साबणाच्या जागी त्याला वापरत नाही."

बाटली घेतली. त्यांच्या वेळेचे पैसे नंतर दे म्हणाल्या.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

आज सोडा, व्हिनेगर आणि ती बाटली वापरून मेण काढलं. सकाळी सुरू केलं, दिवेलागणीला संपलं. मोरीत मेणाचा थर बसला आहे, तो उद्या खरवडीन. बाटली पाहून बाबांनी आवाज केला आणि डावा हात हलवला. मी बाटली टॉवेलाखाली झाकून ठेवली आणि पुढे चाललो. त्यांना राग येणारच. पण जटा वाचवायच्या तर दुसरा मार्ग नाही, आणि ते त्यांच्यासाठीच आहे.

जटांचा रंग बदलला. मला वाटत होतं त्या काळ्या आहेत. खाली त्या तांबूस आहेत, उन्हात नारळाच्या काथ्यासारख्या दिसतात. टोकांनी बादलीभर पाणी प्यायलं असेल. चार टॉवेल भिजले तरी गळतच होत्या.

जखमांवर हवा लागली. त्यांच्या कडा कोरड्या दिसतात.

सोमवार, २५ फेब्रुवारी

जखमा सुकताहेत. चारपैकी दोन बंद. वास गेला. मी हे नर्सबाईंसाठी पुढच्या पानावरही लिहिलं.

पण बाबा खालावले. मान अजिबात उचलत नाहीत. छातीवर हनुवटी, डोळे जमिनीकडे. आज सकाळी पेज श्वासात गेली, ओठ निळे पडले, मी पाठीवर थापट्या मारल्या तेव्हा कुठे खोकला आला. जटांचं आतलं अंग अजून ओलं आहे, तीन दिवस झाले तरी. सारखा दाबतो, पंखा लावतो, पुन्हा दाबतो.

डोकं बरं होतं आहे आणि माणूस जातो आहे. रोग आतून वाढतोय आणि मी वरून केस धुतोय, असं वाटतं. लॉगवुडची झाडं फुलली आहेत, पेट्या भरल्या असतील, मध काढायला हवा. माझ्याने होत नाही. बाबांकडे बघितलं की वाटतं ते मला काहीतरी म्हणताहेत, पण चेहरा दिसत नाही, फक्त डोक्याचा माथा दिसतो.

रविवार, ३ मार्च

काल माझी बहीण केझाया आली. ताई पोर्टमोरला फोन उचलायच्या कंपनीत काम करते. नीरफणस, चीज आणि माझ्यासाठी एक शर्ट आणला. आल्या आल्या म्हणाली, "तू किती वाळलायस रे. आजारी कोण आहे नक्की?"

चादर बदलायला तिने बाबांच्या जटा उचलून आपल्या हातावर घेतल्या, लहान मूल घेतात तशा, आणि मला कपाटातून चादर आणायला पाठवलं. मी परत आलो तर बाबांनी मान वर केली होती. तिच्याकडे बघत होते. तिने पेज तशीच उभ्या उभ्या भरवली, वाटीभर, एक थेंब सांडला नाही. मग ते "पा" म्हणाले. ऑक्टोबरनंतरचा पहिला शब्द. पाणी दिल्यावर प्यायले. केझाया रडली आणि मीही.

आज जेवणं होईपर्यंत ती जटा मांडीवर घेऊन बाबांच्या मागे बसली होती, मग दुपारच्या गाडीने गेली. गेल्यावर मान पुन्हा पडली. मुलीची माया वेगळीच असते. मी पाच महिने करतोय, पण पडलेली मान माझ्यासाठी कधी वर झाली नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच लिहायचं ठरवलं आहे.

मंगळवार, ५ मार्च

काल पुन्हा धुतलं, परवा नर्सबाई येणार म्हणून. आज दुपारी एनॉसकाका आले. पलंगावर बाबांच्या मागे बसले. जटांवर बसायला नको म्हणून त्या गोळा करून मांडीवर घेतल्या आणि बाजारातल्या गोष्टी सांगू लागले. बाबांनी मान वर केली. सरळ माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "काका, तुम्ही आलात की बाबांना बळ येतं. केझाया आली तेव्हाही असंच झालं."

काका पाणी प्यायला उठले. जटा खाली सुटल्या, आणि बाबांची मान पडली. काका परत बसले, जटा मांडीवर घेतल्या. मान वर. काकांनी जटा हळूच सोडल्या. मान खाली. पुन्हा उचलल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"ओबेद. तू हुशार ना? स्पेलिंगबिलिंग सगळं येतं ना तुला? इकडे ये. धर."

मी धरल्या. ऑक्टोबरपासून रोज या जटा माझ्या हातात आहेत, पण नेहमी एकेक. दोन्ही हातांवर सगळ्या एकदम कधी घेतल्या नव्हत्या. खांदा खाली गेला. मध तोलायचा काटा आणून आकड्याला अडकवून पाहिलं. काटा अकरा पौंडांच्या पुढे गेला.

मग ही पानं वाचली. धुतलं, आणि मान पडली. वाळलं, आणि बरं वाटलं. पुन्हा धुतलं, पुन्हा पडली. सगळं माझ्याच अक्षरात. मेण होतं तोवर जटा पाणी कमी प्यायच्या. मी मेण काढलं आणि दारं सताड उघडली. जेवढं चांगलं धुतो तेवढं ओझं वाढतं. धुतलं नाही तर जखमा. मी माझ्या बापाला केसांनी बुडवत होतो.

केझायाला फोन लावला. ती म्हणाली, "काप. आत्ताच्या आत्ता काप."

काकांनी फोन माझ्या हातातून घेतला. "पोरी, तू शहरात राहतेस, तुला शब्दाची किंमत काय कळणार?"

"आणि तुम्हाला माझ्या बापाची? तो गुदमरतोय काका!"

"गुदमरतोय तर जटा धरायला आम्ही आहोत."

"कुठे होतात तुम्ही पाच महिने? महिन्यातून एकदा येता, काढा पाजता आणि उपदेश करून जाता!"

"तोंड सांभाळ!"

मी मध्ये बोलत होतो, माझं कुणी ऐकत नव्हतं. तेवढ्यात मोठा आवाज झाला. बाबांनी पत्र्याचा पेला पलंगाच्या दांडीवर आपटला होता. पुन्हा आपटला. मग पुन्हा. आम्ही गप्प झालो. फोनवर केझायाही गप्प झाली.

मला तेव्हा लक्षात आलं की भूक, तहान आणि संडास सोडून मी त्यांना गेल्या पाच महिन्यांत काहीच विचारलं नाही. सुचलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. मला उत्तराची भीती होती. कापायला हो आलं तर मी कात्री कशी धरणार, आणि नाही आलं तर ते मरताना कसं बघणार. न विचारता धूत राहणं सोपं होतं.

काकांनी जटा धरल्या. मी समोर गुडघ्यांवर बसून बाबांचा डावा हात घेतला.

"बाबा, जटा आहेत तशाच ठेवायच्या?"

दोनदा दाबलं.

"कापायच्या?"

एकदा.

मला वाटलं, दुसरं दाबणं राहिलं असेल. थांबलो. पुन्हा विचारलं. एकदा. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा इतक्या जोराने दाबलं की माझी बोटं एकमेकांवर चढली.

काका जटा मांडीवर तशाच धरून बसले. जाताना दाराशी म्हणाले, "उद्या मी येईन. एकटा करू नकोस."

बुधवार, ६ मार्च

राखेच्या बुधवारची सुट्टी, म्हणून केझाया पहाटेच्या गाडीने आली. काका पांढरा सदरा घालून आले. ती काकांशी बोलत नव्हती. काकांनी तिच्यासमोर काढ्याची बाटली ठेवली आणि म्हणाले, "घे, रागावर पण चालतो." तिने घेतली नाही, पण हसू आवरता आलं नाही तिला.

किती कापायचं ते बाबांना सांगता येत नव्हतं. सगळं का? दोनदा. थोडं? एकदा. थोडं म्हणजे किती? खांद्याला हात लावला, कमरेला लावला, ते नुसते बघत राहिले. मग मी औषधाच्या नळीत पाणी घेतलं आणि एकेक जट धरून वरून खाली थेंब ठेवत गेलो. जिथपर्यंत थेंब उभा राहतो तिथपर्यंत ठेवायची. जिथे मुरतो तिथे दोरा बांधायचा. प्रत्येक जटेची जागा वेगळी निघाली. बहुतेक छातीच्या आसपास. बाबांनी पहिला दोरा बोटांनी चाचपला आणि माझा हात एकदा दाबला.

काका जटांची टोकं धरून बसले होते. मी कात्री उचलली तेव्हा बोलू लागले. माझ्याशी नाही, खिडकीशी.

"एकोणीस वर्षांचा होता. पोलीस चौकीत दोघांनी दाबून धरलं, तिसऱ्याने भादरलं. बाहेर आला तेव्हा मी दाराशी उभा होतो. सहा महिने माझ्याशी बोलला नाही. माझ्या शाबूत होत्या ना."

हे मला माहीत नव्हतं. केझायालाही नव्हतं. बाबांचे डोळे मिटलेले होते.

"तेव्हा त्याला कुणी विचारलं नव्हतं," काका म्हणाले. "काप आता."

जट कात्रीने कापता येत नाही, करवतीसारखं करावं लागतं. आवाज सुकं गवत चावल्यासारखा येतो. मध्ये दोनदा मला थांबावं लागलं. केझायाने घाम पुसला, माझा आणि बाबांचा. शेवटची जट सुटली तेव्हा टोकं काकांच्या मांडीवर ढीग होऊन पडली होती.

बाबांनी मान वर केली. कुणी धरलेलं नव्हतं. डावीकडे केझायाकडे पाहिलं, मग उजवीकडे काकांकडे, मग माझ्याकडे. डोळ्यांतून पाणी येत होतं. सुखाचं की दुःखाचं ते मला कळलं नाही, आणि हात धरून विचारावं असंही वाटलं नाही.

गुरुवार, ७ मार्च

नर्सबाई आल्या. चारही जखमा बंद. छातीवर आलेल्या जटा पाहून त्या गोंधळल्या.

"अरे, कापायच्याच होत्या तर महिनाभर एवढा जीव का काढलास?"

मला खूप झोप येत होती. बाईंनी रक्तदाब घेतला, गिळताना घसा तपासला आणि म्हणाल्या की व्यायाम शिकवायला माणूस पाठवते, आता मान धरतोय तर बसायला शिकेल.

शुक्रवार, ८ मार्च

मिस व्हेरोनांचा फोन आला. कुणाकडून तरी कळलं असेल. आधी बाबांची विचारपूस केली, मुळाशी तेल लावत नाहीस ना असं दरडावलं. मग म्हणाल्या की पंचेचाळीस वर्षांच्या अस्सल जटा, रंग न लावलेल्या, किंग्स्टनला लोक आपल्या केसांना जोडून घेतात. चाळीस हजार मिळतील. "बाळा, मी त्यात एक पैसा घेणार नाही. तुला गरज आहे म्हणून सांगतेय. विचार करून सांग."

मी विचार करून सांगत नाही, विचारून सांगतो, म्हणालो.

बाबा खिडकीशी बसले होते, पाठीला दोन उशा लावून. आकडा सांगितला, आणि आपण किती देणं लागतो तेही सांगितलं. मग सवयीने त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि मान फिरवून पेट्यांकडे पाहू लागले. मान फिरवता येते आता. नाही म्हणायला हात लागत नाही.

हिशोब, जमैकन डॉलरमध्ये.

खर्च: शॅम्पू ९५०. काळं एरंडेल ७००. खायचा सोडा आणि व्हिनेगर ४८०. टॉवेल दोन, १,२००. मोरांट बेला जाऊन येऊन ४००. फोनचं कार्ड ५००. एकूण ४,२३०.

देणं: मिस व्हेरोना, त्यांच्या वेळेचे, १,५००. केझाया, उसने, ३,०००. एकूण ४,५००.

जमा: काही नाही.